पाळण्याला पुराण कशाला?

जत्रेंतल्या रहाटपाळण्यांत बसतांना हा पाळणा येथें कां उभा केला, त्याच्या मालकाच्या आजोबांना कोणतें दुःख होतें, किंवा त्याच्या लांकडाला कोणाचा शाप आहे, असें कोणीं विचारल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. पैसे द्यावे, आंत बसावें, पाळणा वर चढूं लागला कीं देवळाचा कळस आणि रेवड्यांचीं दुकानें पायांखालीं जातांना पाहावीं, खालीं येतांना पोटांत गोळा उठावा, आणि उतरल्यावर पाय लटपटत नसल्याचा बहाणा करीत घरच्या मंडळींत मिसळावें. एवढ्यानें तो व्यवहार पुरा होतो. अमेरिकेंत मात्र पाळण्यांना चरित्रें लिहिण्याची एक विद्याच निघाली आहे. ती आतां इतकी फोंफावली आहे कीं तिच्याविषयीं चार शब्द लिहावे असें मला वाटूं लागलें, आणि त्याला निमित्त एका सात वर्षांच्या मुलीचा प्रश्न झाला. तो प्रश्न पुढें येईलच. आधीं या पाळण्यांची थोडी ओळख करून देतों.

पाळणा हा शब्द मी सैलपणें वापरीत आहें. तिकडे त्यास राईड म्हणतात, आणि आतां आपल्याकडील मुलेंहि राईडच म्हणतात. कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें १७ जुलै १९५५ रोजीं वॉल्ट डिस्नेनें डिस्नेलँड उघडलें, तेव्हांपासून या प्रकाराला एक निराळेंच रूप आलें. होडींत किंवा रुळांवरच्या लहानशा गाडींत बसून आपण एका अंधाऱ्या इमारतींत शिरतों. दोन्ही बाजूंस यंत्रानें हालणारीं व बोलणारीं बाहुलीं, देखावे, दिवे, गाणीं. आणि पांच-पंधरा मिनिटांत पुन्हां उजेडांत येतों. पूर्वीं बहुधा एवढेंच असे. अलीकडे मात्र रांगेंत उभें असतांनाच भिंतींवर तसबिरी, टेबलांवर पत्रें, जुन्या वर्तमानपत्रांचीं कात्रणें दिसूं लागतात. त्यांवरून या जागेचा संस्थापक कोण, त्याचा भागीदार कोण, आणि त्यानें कोणतें पाप केलें, याचा बोध व्हावा अशी योजना असते. फ्लोरिडांतील डिस्नेच्या उद्यानांत बिग थंडर मौंटन नांवाची खाणींतली आगगाडी १९८० पासून तीस वर्षें निर्वेधपणें धांवली. मग तिच्या रांगेंत बार्नबस बुलियन या नांवाचे एक खाणमालक अवतरले, आणि गाडी बेफाम कां होते याचें कारण त्यांच्या सुवर्णलोभांत आहे असें प्रवाशांस कळूं लागलें. गाडी पूर्वींइतक्याच वेगानें धांवते.

येथें एक भेद केला पाहिजे, नाहीं तर वादाचा नुसता गुंता होईल. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथें ला मार्कस थॉम्प्सन यानें १८८४ सालीं पांच सेंट घेऊन लोकांना ज्या लांकडी चढउतारांवरून नेलें, त्या गाडीचा वेग ताशीं सुमारें सहा मैल होता. म्हणजे आपला टांगा बरा. तींत गोष्ट अशी कांहींच नव्हती. पण कांहीं वर्षांनीं याच थॉम्प्सननें रुळांभोंवतीं बोगदे आणि रंगविलेले देखावे उभे केले. पुढें १९०१ सालीं बफेलोच्या प्रदर्शनांत फ्रेडरिक थॉम्प्सन या दुसऱ्या गृहस्थानें पंख हालविणाऱ्या विमानांत बसवून लोकांना चंद्रावर नेलें, आणि तेथील बुटक्या रहिवाशांकरवीं त्यांना हिरव्या चीजचे तुकडे खावयास दिले! १९०३ सालीं हीच सफर कोनी आयलंडवरील लूना पार्कमध्यें आली. तेव्हां राईडला गोष्टच असूं नये असें म्हणणारा मी नव्हे. परंतु प्रवाशाच्या अंगावर आतां जें घडत आहे ती गोष्ट, आणि तो येण्यापूर्वीं दुसऱ्याच कोणावर जें घडून गेलें तें पूर्ववृत्त. चंद्रावर जाणाऱ्यानें चंद्रवासीयांची वंशावळ मागितली नाहीं. बुवांनीं पूर्वरंगच इतका लांबवावा कीं आख्यान लागेपर्यंत मंडळी पेंगूं लागावी, असा प्रसंग आपण सर्वांनीं अनुभवलेला आहे. आणि तेथें निदान पूर्वरंगांत नामाचा महिमा तरी कानीं पडतो.

या वादाचें खरें स्थान म्हणजे डिस्नेलँडमधील हाँटेड मॅन्शन, म्हणजे भुतांचा वाडा. या वाड्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. बाहेरची इमारत १९६३ सालीं बांधून झाली आणि नंतर सहा वर्षें तशीच रिकामी उभी राहिली. दाराबाहेर एक पाटी होती. ज्या भुतांना निवृत्तीनंतर सुखानें पण कामांत राहावयाचें आहे त्यांनीं येथें यावें, असें तींत गमतीनें सुचविलें होतें. आंत काय असावें यावर कारागिरांचें एकमत होईना. केन अँडरसन यानें १९५७ पासून या वाड्यासाठीं रीतसर कथा रचल्या होत्या. त्यांपैकीं एकींत एक खुनशी दर्यावर्दी कप्तान होता आणि त्याची दुर्दैवी वधू होती. पुढें मार्क डेव्हिस आणि क्लॉड कोट्स हे दोघे या कामावर आले. कोट्सला वाडा भयाण हवा होता, डेव्हिसला विनोदी. डेव्हिसचें आणखीहि एक मत असें कीं, राईड हें गोष्ट सांगण्याचें साधनच नव्हे. तो एक अनुभव आहे, आणि त्यांत चित्रामागून चित्र यावें एवढेंच. १५ डिसेंबर १९६६ रोजीं वॉल्ट डिस्ने वारला आणि निवाडा करणारा कोणी उरला नाहीं. शेवटीं पूर्वार्ध कोट्सचा व उत्तरार्ध डेव्हिसचा अशी जणूं वांटणी होऊन ९ ऑगस्ट १९६९ रोजीं वाडा लोकांस खुला झाला. कप्तान गळाला, वधू तेवढी माळ्यावर राहिली, नांवावांचून, अंधारांत धडधडणारें तांबडें हृदय घेऊन.

तडजोडींतून झालेली ही वस्तु वास्तविक ओबडधोबड व्हावयाची. पण ती तशी झाली नाहीं. आपण एका अष्टकोनी खोलींत शिरतों. दार बंद होतें. भिंतींवरच्या तसबिरी लांब होऊं लागतात, आणि मग वीज चमकून वर आढ्याला टांगलेलें एक प्रेत क्षणभर दिसतें. तें कोणाचें, हें कोणी सांगत नाहीं. खोली लांब होते ती प्रत्यक्षांत खालीं जाणारी लिफ्ट आहे. कारण भुतांची मुख्य इमारत उद्यानाच्या बांधापलीकडे आहे, आणि रुळांखालून तिकडे जाण्यास दुसरा मार्ग नव्हता. फ्लोरिडांतील वाड्यास ही अडचण नसल्यामुळें तेथें जमीन स्थिर राहून छतच वर जातें. म्हणजे त्या खोलीचें खरें पूर्ववृत्त स्थापत्यांत आहे. पुढें मेजवानीच्या दिवाणखान्यांत पारदर्शक भुतें नाचत असतात. ही युक्ति लंडनच्या पॉलिटेक्निकमध्यें जॉन हेन्री पेपर यानें १८६२ सालीं प्रसिद्धीस आणली. प्रचंड कांचेमागें दिवाणखाना असतो आणि बाहुलीं दुसरीकडे लपविलेलीं असतात, आपणांस दिसतें तें त्यांचें कांचेवरचें प्रतिबिंब. प्रतिबिंबांत उजवें-डावें उलटत असल्यामुळें त्या नाचांत पुरुषांऐवजीं बायकाच पुढाकार घेतांना दिसतात. मला हा दोष फार आवडला.

या वाड्यांत ९९९ भुतें आहेत असें आंतला अदृश्य यजमान सांगतो. हजारावी जागा रिकामी आहे, कोणाची इच्छा आहे काय, असें तो प्रवाशांनाच विचारतो. वाड्याचा मूळ मालक कोण, त्याच्यावर काय प्रसंग गुजरला, हें १९६९ च्या त्या प्रवासांत कोठेंहि स्पष्ट केलेलें नव्हतें.

माझी भाची ॲनाहाइमपासून तासाभराच्या अंतरावर राहते. २०२५ च्या जुलैंत मी तिच्याकडे होतों, तेव्हां तिनें मुलांबरोबर मलाहि तेथें नेलें. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, त्याआधींच्या हिवाळ्यांत पुण्यास वारली होती. वाड्यांतून बाहेर पडल्यावर आम्ही सावलींत बसलों. भाचीची सात वर्षांची मुलगी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें मला विचारलें, "मामाआजोबा, हजारावी जागा रिकामी आहे ना? मग तिथें आजी आली असेल का? तिला एकटं बसायला आवडत नाहीं." दिवाणखान्यांत शेगडीजवळ झुलत्या खुर्चींत एक म्हातारी बसलेली असते, आजीला बोलायला ती बाई बरी, असेंहि तिनें ठरवून टाकलें होतें. माझी बहीण दुपारच्या वेळीं शेजारणीकडे जाऊन बसल्यावांचून कधीं राहिली नाहीं, हें या मुलीस दोनदांच पुण्यास येऊन ठाऊक होतें.

मी उत्तर जुळवीत होतों, इतक्यांत तिचा बारा वर्षांचा भाऊ मोबाइलवरून मान वर करून म्हणाला, "असं नसतं. सगळ्यांचीं नांवं ठरलेलीं आहेत. इथें लिस्ट आहे. आजीचं नांव नाहींये त्यांत."

मुलगा दुष्ट नव्हे. त्याच्यापुढें पुरावा होता आणि त्यानें तो मांडला. त्याच्या आईनें त्याला डोळ्यांनीं दटावलें, पण शब्द निघून गेला होता. थोड्या वेळानें आम्ही पुन्हां वाड्यांत गेलों, तेव्हां ती मुलगी प्रत्येक बाहुलीकडे बोट करून भावाला तिचें नांव विचारीत होती, आणि तो सांगत होता. झुलत्या खुर्चीजवळून गाडी गेली तेव्हां मीं तिच्याकडे पाहिलें. तिनें त्या म्हातारीचेंहि नांव विचारलें.

या भुतांना नांवें आणि वृत्तांत चिकटविण्याचा उद्योग कांहीं अंशीं तेथील नोकरांनीं, कांहीं अंशीं भक्तांनीं, आणि मागाहून कंपनीनें केलेला आहे. लोकांनीं आपल्या हौसेनें गोष्टी रचाव्या याला माझी मुळींच हरकत नाहीं. त्या रचण्यांतच तर या वाड्याचें आयुष्य आहे. याचें एक सुंदर उदाहरण फ्लोरिडांतील वाड्याचें आहे. तेथें बाहेरच्या फरसबंदींत पूर्वीं कसल्याशा खांबाचा कापलेला गोल बुंधा उरला होता. कोणाच्या तरी नजरेस तो पडला, आणि माळ्यावरच्या वधूनें खिडकींतून फेंकलेली ही लग्नाची अंगठी असें लोक सांगूं लागले. आईबापांनीं मुलांना वांकून तो दाखवावा, अशी रीतच पडली. पुढें दुरुस्तींत तो बुंधा नाहींसा झाला तेव्हां लोक हळहळले, आणि २०११ सालीं रांगेची जागा नव्यानें केली तेव्हां कंपनीनें खरोखरीची अंगठीच जमिनींत बसविली. आपल्या नाशिकच्या लेण्यांचें काय झालें आहे? तीं बौद्ध भिक्षूंचीं. पांडवांचा त्यांच्याशीं कवडीचाहि संबंध नाहीं. तरी कोणी न सांगतां लोकांनीं त्यांना पांडवलेणीं म्हटलें, आणि तेंच नांव राहिलें. स्थलमाहात्म्यें अशींच जन्मतात; स्थळ आधीं मनांत भरतें, माहात्म्य मागाहून येतें. कापलेल्या खांबाची अंगठी लोकांनीं केली, ती त्यांची होती. बसविलेली अंगठी पाहण्यासहि लोक जातात, पण आतां तेथें शोधावयाचें कांहीं उरलें नाहीं.

वधूची कथा तर याहून बोलकी आहे. १९६९ पासून कित्येक वर्षें ती निनांवी होती. ती कोणाची वाट पाहत आहे, कीं कोणाच्या हातून मेली, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें. २००६ सालीं कॅलिफोर्नियांतील वाड्यांत तिच्या जागीं कॉन्स्टन्स हॅचअवे नांवाची नवी वधू आली. तिनें एकामागून एक पांच नवरे केले, कुऱ्हाडीनें त्यांचीं डोकीं उडविलीं आणि त्यांच्या इस्टेटी घेतल्या. माळ्यावर त्यांच्या लग्नाच्या तसबिरी ओळीनें लावलेल्या होत्या व त्यांतील नवऱ्यांचीं डोकीं आपल्यादेखत अदृश्य होत. कारागिरी अप्रतिम, यांत शंका नाहीं. परंतु पूर्वींची वधू पाहून माणूस गप्प होई. ही वधू पाहून 'अच्छा, असें होय!' म्हणे आणि पुढें जाई. २०२५ च्या आरंभीं तेथें पुन्हां पालट झाला. कुऱ्हाड गेली, आणि विरहिणी वधू परत आली; छातींत तेंच धडधडणारें हृदय घेऊन. एकोणीस वर्षांनीं कंपनीनें पूर्ववृत्ताचें ओझें थोडें उतरविलें. पण आमच्या चिरंजीवांच्या यादींत कॉन्स्टन्सबाई अजून कायम होत्या, आणि "ही आधीं खुनी होती" ही माहिती त्यानें बहिणीस दिलीच.

दुसरी बाजू अगदींच पोकळ आहे असें मी म्हणत नाहीं. तोकियो येथें २००६ सालीं उघडलेल्या टॉवर ऑफ टेररमध्यें हॅरिसन हायटॉवर नांवाचा एक धनाढ्य संग्राहक कल्पिला आहे. देशोदेशींच्या मूर्ती व वस्तू लुबाडून त्यानें आपल्या हॉटेलांत मांडल्या, आणि आफ्रिकेंतून आणलेल्या एका मूर्तीनें १८९९ च्या अखेरच्या रात्रीं त्याला नाहींसें केलें. ही कथा वाचून दाखवावी लागत नाहीं. ती त्या इमारतींत मुरलेली आहे. लुटीच्या वस्तूंमधून चालत जातांना, ज्यांच्या देशांतून अशा वस्तू बोटी भरभरून गेल्या त्या आपल्यासारख्यांस तर ती फार लवकर कळते. हाँगकाँगच्या मिस्टिक मॅनरचेंहि तसेंच. २०१३ सालीं तो उभा राहिला तोच लॉर्ड हेन्री मिस्टिक व त्याचें खोडकर माकड यांना घेऊन. जेथें पाया आणि कथा एकाच वेळीं घातलीं जातात तेथें माझी तक्रार नाहीं. शिवाय, दोरी कोणत्या खुंटीला टांगावी आणि भिंत कोणत्या रंगाची असावी हें ठरवितांना कारागिराच्या मनांत कांहीं एक वृत्तांत असणें सोयीचें पडतें. नटानें आपल्या पात्राचें बालपण कल्पावें तसेंच हें. मात्र नाटकाच्या आधीं तें बालपण प्रेक्षकांना छापून वांटूं नये. चाळीस वर्षें लोकांच्या अंगवळणीं पडलेल्या राईडला जन्मपत्रिका करून देणें हा निराळा उद्योग आहे.

१८ मार्च १९६७ रोजीं सुरू झालेली चांच्यांची सफर, पायरेट्स ऑफ दि कॅरिबियन, हींतहि मूळांत नायक नव्हता. आधीं सांपळे दिसत, मग तेच चांचे जिवंत होऊन गांव लुटतांना दिसत; काळ उलटा कां फिरला, हें विचारण्यापूर्वींच होडी पुढें गेलेली असे. २००३ सालीं तिच्यावरून चित्रपट निघाला, आणि २००६ सालीं त्या चित्रपटांतील जॅक स्पॅरो परत येऊन मूळच्या चांच्यांत बसला. आतां होडींतील मुलें दोन्ही तीरांवर त्यालाच शोधीत असतात. बाकीचे चांचे बिचारे गांव जाळीतच आहेत.

कथा ही वेगापेक्षां लवकर म्हातारी होते, हें मात्र मला स्प्लॅश मौंटनवरून पटलें. पन्नासएक फुटांवरून ओंडक्याच्या होडीनें पाण्यांत कोसळावयाची ही राईड १९८९ सालीं सुरू झाली. तिला कथा जोडली ती १९४६ च्या 'साँग ऑफ दि साउथ' या चित्रपटांतील. गुलामगिरीनंतरच्या काळांतील काळ्या लोकांचें जें गोड गोड चित्र त्यांत रंगविलें होतें, त्यावर तो निघाला तेव्हांच आक्षेप आले होते; अमेरिकेंत कंपनीनें तो घरगुती चित्रफितींवर कधीं काढला नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेंतील दोन्ही स्प्लॅश मौंटन बंद झालीं, आणि हें योग्यच झालें. २०२४ सालीं त्याच पाण्यांवर टियाना या राजकन्येची नवी राईड उघडली. डोंगर तोच, उतार तोच, किंकाळी तीच. बदलावी लागली ती कथाच. आणि यापासून कांहीं धडा घ्यावा, तर नव्या कथेस पहिलीहून मोठी शेंपटी! टियानानें कामगारांच्या मालकीची एक सहकारी खाद्यपदार्थ संस्था काढली आहे. आणि सपाट लुइझियानांत डोंगर आला कोठून, तर तो जमिनींतून वर आलेला मिठाचा घुमट आहे, असा खुलासा तयार ठेविला आहे. सहकारी चळवळीबद्दल मला आदर आहे. पण कड्याच्या टोंकावर होडी अडखळते त्या क्षणीं भागधारकांची आठवण कोणास होते?

डिस्नेलँडमधील मॅटरहॉर्न मीं सर्वांत शेवटीं पाहिला. १९५९ सालीं उभारलेला हा स्वित्झर्लंडच्या शिखराचा नमुना १४७ फूट उंच, म्हणजे मूळच्या शंभराव्या हिश्श्याचा आहे, आणि पोलादी नळीच्या रुळांवरून गाड्या सोडण्याचा पहिला प्रयोग त्याच्याच पोटांत झाला. एकोणीस वर्षें त्यांत नुसता डोंगर आणि वेग होता. १९७८ सालीं आंत एक हिममानव आणून बसविला. मुलांनीं मला आग्रहानें गाडींत बसविलें. बाहेर आल्यावर माझ्या भाचीच्या मुलानें आणखी एक माहिती दिली, ती मात्र मला मनापासून रुचली. डोंगराच्या वरच्या भागांत, नोकरांना रिकाम्या वेळीं खेळतां यावें म्हणून, बास्केटबॉलची जाळी लावलेली आहे. इमारतींच्या उंचीवर गांवाची मर्यादा होती, पण खेळाच्या इमारतीस ती लागू नव्हती, म्हणून युक्तीनें ही जाळी लावली, असें लोक सांगतात; तें अर्थातच खोटें आहे. मुलानें तें खोटें असल्याचेंहि सांगितलें. त्याची बहीण तिकडे लक्ष न देतां मान मागें टाकून शिखराकडे पाहत होती. मग तिनें मला हळूच विचारलें, वर खेळतांना चेंडू बाहेर पडला तर तो कोण आणून देत असेल.